जर्नल कुणाचं, व्हायवा कुणाची? अभ्यासातल्या मदतीचा इतिहास

(पॉडकास्टच्या या भागाचा लिखित मजकूर. बोलण्याचा ओघ तसाच ठेवला आहे. अडखळणं, पुनरुक्ती आणि मागून जाणाऱ्या लोकलचे आवाज तेवढे गाळले आहेत.)

मी इतिहास शिकवते, नाहूरला राहते आणि तिथूनच हे भाग रेकॉर्ड करते. आजचा विषय सध्या प्रत्येक स्टाफरूममध्ये निघतो आणि घराघरात जेवतानाही निघतो. मुलं प्रोजेक्ट, असाइनमेंट, निबंध हे सगळं एआयकडून लिहून घेतात. याचं करायचं काय?

साधारण दोन उत्तरं ऐकू येतात. एक, बंदी घाला, मोबाइल काढून घ्या. दुसरं, जग बदललंय, वापरू द्या, आपणही वापरतोच की. मला दोन्ही पुरी पडत नाहीत. इतिहासवाल्या माणसाची सवय अशी की नवीन काही आलं की आधी मागे वळून बघायचं. आयतं उत्तर मिळण्याची सोय आपल्याकडे पहिल्यांदाच झाली आहे का? तर नाही. मग आधीच्या वेळी आपण काय केलं, काय जमलं, काय फसलं? आज ते बघू.

सुरुवात जर्नलपासून

विज्ञान शाखेतून किंवा इंजिनिअरिंगमधून बाहेर पडलेल्या कुणालाही विचारा, जर्नल कसं पूर्ण केलं? तो आधी हसेल. प्रॅक्टिकल आपण केलेलं असतं, पण रीडिंग घेतलेला कागद हरवलेला असतो. मग सीनियरचं जर्नल आणायचं, रात्रभर बसून उतरवायचं. एका जर्नलवरून अख्खी बॅच उतरवते. मूळ जर्नलमध्ये एखादी चूक असली, तर ती चूकसुद्धा पिढ्यान्‌पिढ्या इमानदारीनं पुढे जाते. सरांची सही होते, शिक्का बसतो, जर्नल ‘सर्टिफाइड’ होतं.

आता याला काय म्हणायचं? कॉपी? फसवणूक? नियमानं बघितलं तर हो. पण याच पद्धतीत एक गोष्ट अशी होती की तिथे लबाडी चालायची नाही. ती म्हणजे व्हायवा. बाहेरून आलेले परीक्षक जर्नल उघडायचे, एका आकड्यावर बोट ठेवायचे आणि विचारायचे, “हे असं का आलं?” तिथे सीनियर मदतीला येत नाही. जर्नल कुणाचंही असो, व्हायवा ज्याची त्याचीच असते.

हे वाक्य लक्षात ठेवा. आजच्या सगळ्या गोष्टीत ते लागणार आहे.

कोण बोललं आणि कुणी लिहिलं

आता एकदम सातशे वर्षं मागे जाऊ, कारण ‘हे लिहिलं कुणी?’ हा प्रश्न आपल्या भाषेत तेव्हापासून आहे. ज्ञानेश्वरीच्या शेवटी काळाची नोंद आहे, शके १२१२, म्हणजे इ.स. १२९०. त्याच नोंदीत टीका ज्ञानेश्वरांनी केली आणि ती लिहून घेण्याचं काम सच्चिदानंदबाबांनी केलं, असा स्पष्ट उल्लेख आहे. म्हणजे विचार कुणाचा आणि हात कुणाचा, हे ग्रंथातच सांगून ठेवलंय. लेखनिकाची मदत घेतली म्हणून ज्ञानेश्वरांचं काही कमी झालं नाही, आणि ती मदत लपवावी असंही कुणाला वाटलं नाही.

पुढे जवळजवळ तीनशे वर्षं ज्ञानेश्वरी हातानं उतरवली गेली. उतरवताना पाठ बिघडले. शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, पैठणच्या एकनाथांनी वेगवेगळ्या प्रती बघून पाठ शुद्ध केला. आणि शेवटी बजावून ठेवलं की यात कुणी स्वतःच्या ओव्या घालू नयेत. एकनाथ स्वतः मोठे कवी. भर घालायची तर त्यांना काय अवघड होतं? पण दुसऱ्याच्या ग्रंथात आपले शब्द मिसळायचे नाहीत, ही मर्यादा त्यांनी पाळली आणि इतरांनाही घालून दिली.

मला सांगायचंय ते एवढंच की मदत घेणं हा दोष आपल्या परंपरेनं कधी मानला नाही. मदत कुठे संपते आणि माझं काम कुठे सुरू होतं, हे सांगितलं पाहिजे, एवढी अपेक्षा मात्र होती. आज सगळीकडे जबाबदार वापराची जी नियमावली सांगतात, तिच्या तळाशी हीच अपेक्षा आहे.

परीक्षा आली, बाजार आला

मग हे बिघडलं कुठे? माझ्या मते, लेखी परीक्षेला जेव्हा सगळं महत्त्व आलं तेव्हा.

मुंबई विद्यापीठ स्थापन झालं १८ जुलै १८५७ रोजी. १८६२ मध्ये पहिले पदवीधर बाहेर पडले. त्यात महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर होते. सुरुवात अशी दिमाखदार. पण हे विद्यापीठ लंडन विद्यापीठाच्या नमुन्यावर होतं. म्हणजे शिकवायचं कॉलेजांनी आणि विद्यापीठानं मुख्यतः परीक्षा घ्यायची. चाळीस वर्षांत याचा परिणाम दिसला. लॉर्ड कर्झननं १९०२ मध्ये नेमलेल्या विद्यापीठ आयोगानं तक्रार केली ती हीच, की इथे शिकवणं परीक्षेच्या दावणीला बांधलं गेलंय, खरं तर परीक्षा शिकवण्याच्या मागून यायला हवी. १९०२! आजच्या एखाद्या पालकसभेतलं वाक्य वाटतं की नाही?

एकदा गुण हेच ध्येय झालं की गुण देणारं उत्तर ही विकायची वस्तू होते. मग गाइड आली. गाला कुटुंबानं १९५९ मध्ये मुंबईत नवनीत सुरू केलं. पुढे ‘नवनीत’ हा शब्द मराठी घरांत गाइडलाच समानार्थी झाला. मग अपेक्षित प्रश्नसंच आले, क्लासच्या नोट्स आल्या, कॉलेजच्या दारासमोर झेरॉक्सची दुकानं आली आणि परीक्षेच्या आदल्या रात्री त्या दुकानांपुढे रांगा लागल्या.

निबंधाचं तर विचारूच नका. ‘फाटक्या पुस्तकाचे आत्मवृत्त’, ‘मी पाहिलेला अपघात’, ‘सूर्य उगवला नाही तर’. महाराष्ट्रात किती लाख मुलांनी एकच अपघात पाहिला असेल, त्याच वळणावर, त्याच ट्रकचा! तो अपघात निबंधाच्या पुस्तकातून आलेला असायचा. मुलगा पाठ करायचा, गुण मिळवायचा, आम्ही शिक्षक द्यायचो. आज तोच निबंध एआय लिहून देतं तेव्हा आपण म्हणतो, मुलांचं स्वतःचं काही उरलं नाही. अहो, त्या अपघातात त्याचं स्वतःचं काय होतं?

पण फरक आहे, आणि तो सांगायला हवा. गाइडमधलं उत्तर निदान पाठ तरी करावं लागायचं. पाठ करता करता थोडं डोक्यात शिरायचं. जर्नल उतरवताना आकृती हातानं काढली जायची. नवं यंत्र हाताचे आणि डोक्याचे हे कष्टसुद्धा वाचवतं. मजकूर प्रश्नातून थेट फाइलमध्ये जातो, मधे विद्यार्थी कुठे लागतच नाही. म्हणून जुनीच गोष्ट आहे असं म्हणून हात झटकता येणार नाहीत.

घरी केलेलं काम आणि गुण

सरकारनं या सगळ्यावर काय केलं? १९८२ मध्ये महाराष्ट्रानं परीक्षांमधले गैरप्रकार रोखण्यासाठी स्वतंत्र कायदा केला. पेपर फोडणं, कॉपी पुरवणं हे गुन्हे ठरले. भरारी पथकं आली, पुढे कॉपीमुक्त अभियान आलं. पण हा सगळा बंदोबस्त परीक्षेच्या हॉलपुरता. घरून करून आणायच्या कामाचं काय?

दहावीचे चार निकाल सांगते, पुरेसे बोलके आहेत. २०१८ मध्ये राज्याचा निकाल होता ८९.४१ टक्के. पुढच्या वर्षी भाषा आणि सामाजिक शास्त्रांचे शाळेच्या हातातले २० गुण काढून टाकले आणि पूर्ण पेपर लेखी केला. २०१९ चा निकाल ७७.१० टक्क्यांवर आला. ओरड झाली, अंतर्गत गुण परत आले, २०२० ला निकाल ९५.३० टक्के. आणि २०२१ मध्ये करोनामुळे परीक्षाच झाली नाही, सगळं अंतर्गत मूल्यमापनावर ठरलं. निकाल ९९.९५ टक्के.

निकालाला इतरही कारणं असतात, मान्य. पण एवढं तर दिसतं की तोंडी परीक्षा, प्रकल्प, वह्या यांचे गुण आपण बऱ्याचदा मोजतच नाही, वाटून टाकतो. प्रकल्पाची फाइल आम्ही उघडून वाचणारच नसू, तर ती यंत्रानं लिहिली की मुलानं, यावर रागावण्याचा अधिकार आम्हाला कितीसा उरतो? हे मी माझ्या पेशाकडे बोट दाखवून बोलतेय. पण एका वर्गात साठ-सत्तर मुलं असतात, हेही तितकंच खरं.

टक्केवारीचा सापळा

कॉलेज आणि पीएच.डी.च्या पातळीवर नियम आला २०१८ मध्ये, यूजीसीचा. वाङ्मयचौर्य, म्हणजे प्लेजियरिझम, रोखण्यासाठी. प्रबंधात इतरांच्या लेखनाशी साम्य १० टक्क्यांपर्यंत असेल तर शिक्षा नाही. १० ते ४० टक्के असेल तर सहा महिन्यांच्या आत सुधारून द्या. ४० ते ६० असेल तर वर्षभर पुन्हा सादर करता येणार नाही. ६० च्या वर गेलं तर नोंदणी रद्द.

हा नियम आवश्यक होता, यात वाद नाही. पण त्यानं मोजलं काय? शब्दांचं साम्य. विचार कुणाचा हे त्यानं मोजलं नाही. मग काय झालं? वाक्यं फिरवून देणारी सॉफ्टवेअर आली, टक्के खाली आणून देणारे लोक आले. आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आलं, जे प्रत्येक वेळी नवीन वाक्य तयार करतं. साम्य जवळजवळ शून्य, आणि विद्यार्थ्याचा विचारही शून्य! चार वर्षांत नियमाची मोजपट्टीच निरुपयोगी झाली.

मग आली एआय पकडणारी यंत्रं, डिटेक्टर. इथे मला जरा थांबायचंय, कारण इथे एखाद्या मुलाचं खरंच नुकसान होऊ शकतं.

चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआय कंपनीनं जानेवारी २०२३ मध्ये स्वतःचं असं एक यंत्र काढलं. कंपनीच्याच चाचणीत त्यानं यंत्रानं लिहिलेला मजकूर २६ टक्के वेळाच ओळखला, आणि माणसानं लिहिलेला मजकूर ९ टक्के वेळा यंत्राचा ठरवला. सहा महिन्यांत, जुलैमध्ये, कंपनीनं ते बंद केलं. ज्यांनी यंत्र घडवलं त्यांनाच त्याचं हस्ताक्षर ओळखता येईना!

त्याच वर्षी स्टॅनफर्डच्या संशोधकांनी इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांचे ९१ निबंध अशा सात डिटेक्टरना दिले. सगळे माणसांनी लिहिलेले. सरासरी ६१ टक्के निबंध यंत्राचे ठरले. कारण साधं आहे. परक्या भाषेत आपण ठरावीक शब्द आणि सोपी, सरळ वाक्यं वापरतो. डिटेक्टरला तीच यंत्राची खूण वाटते.

आता हे आपल्या भागात आणून बघा. नाहूर, भांडुप, मुलुंड हा एलबीएस मार्गाचा पट्टा एकेकाळी कारखान्यांचा. जीकेडब्ल्यू, एशियन पेंट्स, सिएट. त्या कामगारांची मुलं-नातवंडं इथल्या मराठी शाळांतून शिकली. अशा शाळेतली एखादी मुलगी कॉलेजला जाते, घरात पहिलीच. इंग्रजीत असाइनमेंट लिहिते, डिक्शनरी बघत, एकेक वाक्य जुळवत. आणि तिला सांगितलं जातं की हे ७० टक्के एआय आहे. ती काय पुरावा देणार? जिला इंग्रजी सफाईनं येतं, घरी तपासून द्यायला कुणी आहे, ती यंत्र वापरूनही सुटते. आणि जिनं प्रामाणिकपणे लिहिलं ती अडकते.

हे प्रकरण कोर्टापर्यंतही गेलंय. २०२४ मध्ये हरयाणातल्या सोनीपतच्या ओ. पी. जिंदाल विद्यापीठात कायद्याच्या एका विद्यार्थ्याचं उत्तर ८८ टक्के एआयचं ठरवून त्याला नापास केलं गेलं. उत्तर माझंच आहे असं म्हणत तो पंजाब आणि हरयाणा उच्च न्यायालयात गेला. पुढे विद्यापीठानं त्याला उत्तीर्ण केलं आणि याचिका निकाली निघाली. ८८ हा आकडा शेवटपर्यंत आकडाच राहिला.

नाहूरचा इतिहास विचारला तर

आता दुसरी बाजू. यंत्रावर डोळे मिटून विसंबलं तर काय होतं?

मी एका चॅटबॉटला नाहूरचा इतिहास विचारला. त्यानं एका दमात नाहूर या नावाच्या तीन व्युत्पत्ती दिल्या. तिन्ही ऐकायला छान. आधार विचारला तर एका पुस्तकाचं नाव दिलं, लेखकासकट. ते पुस्तक मला कुठल्याही ग्रंथालयाच्या यादीत सापडलं नाही. यंत्र खोटं बोलत होतं असंही नाही, कारण खरं-खोटं हा त्याचा प्रांतच नाही. कुठल्या शब्दानंतर कुठला शब्द शोभेल, हे त्याचं काम.

अशा वेळी मला वि. का. राजवाडे आठवतात. वाईला एरंड्यांच्या वाड्यात सापडलेली जुनी पत्रं त्यांनी तपासली, लावली आणि १८९८ मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड काढला. राजवाड्यांची मतं वादग्रस्त होती, काही पुढे टिकली नाहीत. पण त्यांनी मूळ कागद छापून ठेवले, म्हणून त्यांना खोडून काढणाऱ्यालाही तेच कागद हाताशी मिळाले. संदर्भ द्यायचा तो यासाठी, म्हणजे दुसऱ्याला आपलं म्हणणं तपासता येतं.

नाहूरचा इतिहास खरोखर शोधायचा तर काय कराल? हा भाग जुन्या साष्टीतला, ठाणे जिल्ह्यातला. मुंबई महापालिकेची हद्द मुलुंडपर्यंत आली ती १९५७ मध्ये. म्हणजे त्याआधीचे कागद मुंबईच्या नावाखाली शोधून उपयोग नाही, ठाण्याच्या नावाखाली शोधायचे. १८८२ चं ठाणे जिल्ह्याचं गॅझेटियर उघडायचं. मग कारखान्यातून निवृत्त झालेल्या काकांकडे जाऊन बसायचं. चॅटबॉट या कामात मदत करू शकतो. गॅझेटियरमधलं जडजंबाल इंग्रजी सोपं करून सांगेल, काकांना काय विचारावं याची यादी सुचवेल. पण काकांकडे जावं लागेल ते तुम्हालाच.

आणि ही काही फक्त पोरांची गोष्ट नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं प्राप्तिकर विभागाचा एका कंपनीविरुद्धचा आदेश रद्द केला, कारण त्यात आधाराला घेतलेले निवाडे अस्तित्वातच नव्हते. एआयच्या काळात मिळालेली माहिती तपासल्याशिवाय वापरू नका, असं न्यायालयाला अधिकाऱ्यांना सांगावं लागलं. मग सोळा वर्षांच्या मुलाला ते कुणीतरी शिकवायला नको?

मग वापरायचं कसं?

मी माझ्या वर्गात जे सांगते तेच सांगते.

पहिलं, काम कशासाठी दिलंय ते ओळखा. बारावीच्या बोर्डाच्या पेपरला आजही लॉग टेबल चालतं, कॅल्क्युलेटर चालत नाही. तोच मुलगा इंजिनिअरिंगला गेला की कॅल्क्युलेटर घेऊन बसतो. यंत्र तेच, नियम वेगळा, कारण तपासायची गोष्ट वेगळी. निबंधात तुमचं लिहिणं तपासायचं असेल, तर लिहिणं यंत्राला देऊ नका. सर्वेक्षण तपासायचं असेल, तर तक्ता यंत्रानं आखला म्हणून बिघडत नाही, आकडे मात्र तुम्ही दारोदार फिरून आणलेले हवेत.

दुसरं, सांगा. प्रकल्पाच्या शेवटी चार ओळी लिहा. कुठलं साधन वापरलं, काय विचारलं, त्यातलं काय घेतलं, काय तपासून बदललं. सच्चिदानंदबाबांचं नाव ज्ञानेश्वरीत येतं, तर तुमच्या फाइलमध्ये चॅटबॉटचं यायला लाज कसली? आणि कच्चे खर्डे जपून ठेवा. उद्या कुणी टक्केवारी दाखवली तर तेच तुमच्या बाजूनं बोलतील.

तिसरं, प्रत्येक नाव, साल आणि पुस्तक दुसरीकडे तपासा. सापडलं नाही तर गाळा, कितीही छान वाटत असलं तरी.

चौथं, यंत्राकडून उत्तर घेण्याऐवजी प्रश्न घ्या. “मला या धड्यावर दहा प्रश्न विचार आणि माझं कुठे चुकतंय ते सांग,” असं म्हणून बघा. क्लासची फी न परवडणाऱ्या मुलाला रात्री अकरा वाजता शंका विचारायला कुणी मिळणं ही लहान गोष्ट नाही. म्हणून तर मला सरसकट बंदी नको आहे.

आणि माझ्या शिक्षक मित्रमैत्रिणींनो, आपल्यासाठी एकच. डिटेक्टरचा आकडा हा निकाल समजू नका. पाच मिनिटं मुलाला समोर बसवा, त्याच्याच फाइलमधल्या एका वाक्यावर बोट ठेवा आणि विचारा, “हे असं का?” सत्तर मुलांना विचारणं जमणार नाही, पण दर वेळी दहा जणांना जमेल, आणि ते दहा कोण असतील हे आधी कुणाला कळता कामा नये. व्हायवा ही आपल्याकडची जुनी गोष्ट आहे, तिला वीज लागत नाही, तिला सॉफ्टवेअर लागत नाही, आणि साध्या इंग्रजीत लिहिणाऱ्या त्या मुलीला तिथे आपली बाजू मराठीतसुद्धा मांडता येते.

आजच्यापुरतं एवढंच. पुढच्या भागात साष्टीतल्या मिठागरांबद्दल बोलू. हा भाग घरातल्या दहावी-बारावीच्या मुलांबरोबर बसून ऐका आणि मग त्यांनाच विचारा, तुमच्या कॉलेजात नियम काय आहे? बऱ्याच ठिकाणी तो लिहिलेलाच नसतो. तो लेखी मागा. भेटूया.